उंची ८० टक्के आनुवंशिक, तर मग कोरियन बायका शंभर वर्षांत २० सेंमी कशा वाढल्या?

आडवातिडवा

उंचीचा विषय निघाला की दोन वाक्यं हमखास कानावर पडतात. 'उंची रक्तातच असावी लागते, ८० टक्के आनुवंशिक' हे एक, आणि 'सगळं खाण्यापिण्यावर आहे, हल्लीची पोरं बघा' हे दुसरं. दोन्हींना आकड्यांचा आधार आहे आणि तिथेच घोडं अडतं.

जुळ्यांच्या अभ्यासांतून आनुवंशिकतेचा आकडा ०.८ च्या आसपास येतो. उलट २०१६ मध्ये एनसीडी-रिस्क या आंतरराष्ट्रीय गटाने जगभरच्या शंभर वर्षांच्या उंच्यांचा अभ्यास छापला. त्यात १८९६ साली जन्मलेल्या दक्षिण कोरियन स्त्रियांची सरासरी १४२.२ सेंमी आहे आणि १९९६ साली जन्मलेल्यांची १६२.३. इराणी पुरुष त्याच काळात साडेसोळा सेंमी वाढले. चार पिढ्यांत जनुकं काही एवढी बदलत नाहीत. मग ते ८० टक्के कशाचे?

त्याला चिकटून आणखी दोन शंका:

आईवडिलांच्या उंचीवरून मुलाची उंची काढायचं सूत्र (दोघांची बेरीज, मुलगा असेल तर अधिक १३, मुलगी असेल तर उणे १३, भागिले २) आपल्याकडे कितपत चालतं? उदाहरण घ्या: वडील १६३, आई १५०, मुलगा १७४. सूत्राप्रमाणे तो १६३ चा हवा.

आणि थुंकीच्या नमुन्यावरून मूल किती उंच होईल ते सांगणाऱ्या जनुकीय चाचण्यांना काही अर्थ आहे का?

लटकणे, दोरीवरच्या उड्या आणि अश्वगंधा यांचे धागे वेगळे आहेत, ते इथे नकोत.

---

सरासरी

गोंधळ 'टक्के' या शब्दाने होतो. ८० टक्के हे उंचीचे नाहीत, उंचीतल्या *फरकाचे* आहेत. १६५ सेंमीपैकी १३२ जनुकांचे आणि ३३ वरणभाताचे, असा त्याचा अर्थ नाही. एका विशिष्ट काळातल्या विशिष्ट लोकसमूहात माणसामाणसांत जी तफावत दिसते, तिचा किती हिस्सा जनुकांतल्या तफावतीशी जुळतो, एवढंच तो आकडा सांगतो.

तो येतो कसा ते बघा. एकाच बीजांडापासून झालेल्या जुळ्यांच्या उंचीतला सहसंबंध साधारण ०.९ असतो. दोन बीजांडांपासून झालेल्यांचा ०.५ च्या आसपास. पहिल्यांची जनुकं सारखी, दुसऱ्यांची निम्मी सारखी, घर दोघांचंही एकच. म्हणून दोन आकड्यांतला फरक दुप्पट करायचा: २ × (०.९ − ०.५) = ०.८.

आता यात काय मोजलंच गेलं नाही ते पाहा. जुळी भावंडं एकाच स्वयंपाकघरात, एकाच साली, एकाच गावात वाढतात. १८९६ च्या सोलमधलं एक आणि १९९६ च्या सोलमधलं दुसरं, अशी जोडी कोणी मोजलेली नाही. सगळ्यांना मिळून जे वाढलं किंवा घटलं, ते या गणितात दिसतच नाही, कारण ते फरकात उतरत नाही. कोरियात सरासरी वीस सेंमी वर सरकली, पण आजही दोन कोरियन मुलींमधला फरक बहुतांशी आईवडिलांकडून आलेल्या जनुकांचाच आहे. दोन्ही विधानं एकाच वेळी खरी आहेत, त्यांत भांडण नाही.

उलट एक गंमत. परिस्थिती जितकी सगळ्यांना सारखी, तितका आनुवंशिकतेचा आकडा वर जातो. जिथे निम्म्यांची उपासमार होते आणि निम्मे पोटभर जेवतात, तिथे तो खाली येतो. म्हणजे ०.८ हा मानवजातीचा स्थिरांक नाही, तो बऱ्यापैकी सुस्थितीतल्या समाजांचा आकडा आहे. एका समाजाच्या आतल्या फरकाचा आकडा उचलून 'डच उंच, भारतीय बुटके, कारण जनुकं' असं म्हणणं ही सरळ हिशेबाची चूक आहे, आणि ती शिकलेसवरलेले लोकही बिनदिक्कत करतात.

जनुकांच्या बाजूने थोडक्यात. १८८६ मध्ये फ्रान्सिस गाल्टन या इंग्रज संशोधकाने २०५ जोडपी आणि त्यांची ९२८ मोठी झालेली मुलं घेऊन दाखवलं की उंच आईबापांची मुलं उंच होतात, पण सरासरीपासून आईबापांइतकी लांब जात नाहीत. अंतर सुमारे दोन तृतीयांश राहतं. १९१८ मध्ये संख्याशास्त्रज्ञ फिशरने त्यामागचं गणित मांडलं: चिमूटभर परिणाम करणारी पुष्कळ जनुकं एकत्र आली की अशीच सलग घंटाकृती वाटणी मिळते. प्रत्यक्ष जनुकीय खुणा सापडायला मात्र २००७ उजाडलं. पहिली ठळक सापडली ती एचएमजीए२ जनुकाजवळची, तिच्या एका प्रतीने फरक पडतो जेमतेम ४ मिलिमीटर. २०२२ मध्ये ५४ लाख लोकांच्या माहितीतून अशा १२,१११ जागा निघाल्या, जनुकसंचाचा जवळजवळ २१ टक्के भाग व्यापणाऱ्या. 'उंचीचं जनुक' असं काही नसतं ते यामुळे.

एका जनुकाने मोठा फरक पडतो, पण क्वचित. अकाँड्रोप्लेझियामध्ये (हातपाय आखूड राहणारा जन्मजात बुटकेपणा) एफजीएफआर३ जनुकातला एकच बदल पुरतो, आणि अशा सुमारे ८० टक्के मुलांचे आईवडील सामान्य उंचीचे असतात, बदल नव्यानेच झालेला असतो. पेरूमध्ये एफबीएन१ या जनुकातला एक बदल सुमारे ५ टक्के प्रमाणात आढळतो, दर प्रतीमागे उंची २.२ सेंमीने कमी. सर्वसाधारण लोकांत आढळणाऱ्या बदलांत एवढा मोठा परिणाम जवळपास कुठेच दिसत नाही.

---

फूटपट्टी

सूत्राबद्दल. ते चुकीचं नाही, पण त्यात एक गृहीतक लपलेलं आहे: आईवडील आणि मूल एकाच तऱ्हेच्या परिस्थितीत वाढले. नेदरलँड्समध्ये आज ते बरंचसं खरं आहे. आपल्याकडे नाही.

तुमचंच उदाहरण सोडवू. आईवडिलांच्या पिढीची सरासरी पुरुष १६५, स्त्री १५२.५ धरू. वडील सरासरीपेक्षा २ ने कमी, आई २.५ ने. दोघांची मिळून सरासरी उणे २.२५. त्याला ०.८ ने गुणा, उणे १.८. हे उणे १.८ मुलाच्या *स्वतःच्या* पिढीच्या, त्याच्यासारख्याच घरांतून आलेल्या मुलांच्या सरासरीतून वजा करायचं, बापाच्या पिढीच्या नव्हे. ती सरासरी १७२ धरली तर अपेक्षा येते १७०.२.

आता पसारा. एका लिंगाच्या लोकांत उंचीचं प्रमाण विचलन (सरासरीभोवतीच्या पसाऱ्याचं माप) ६.५ सेंमीच्या आसपास असतं. आईवडिलांची उंची कळल्यावरही जनुकांची निदान निम्मी तफावत शिल्लक राहते, कारण कोणत्या मुलाला कोणता वाटा येईल ही सोडतच असते. म्हणजे ०.४ जनुकांचे आणि ०.२ बाकीचे, एकूण ०.६. वर्गमूळ ०.७७, गुणिले ६.५ म्हणजे ५ सेंमी. १७४ हा १७०.२ च्या वर ३.८, एका विचलनाच्याही आत. यात नवल काही नाही. नेहमीच्या सूत्राने मात्र १६३, अधिक-उणे ८.५, म्हणजे वरची हद्द १७१.५, आणि मुलगा 'हद्दीबाहेर' जातो. सूत्राने आईवडिलांचं खुरटलेपण जनुकांच्या खात्यावर टाकलं, म्हणून.

हीच चूक उलट्या दिशेने झाली तर जास्त महागात पडते. आई १४२, मुलगी बुटकी, सूत्र म्हणतं 'अपेक्षेप्रमाणे', आणि सगळे निश्चिंत. पण आईचीच उंची एखाद्या जनुकीय दोषामुळे कमी असेल तर? शॉक्स नावाचं जनुक एक्स आणि वाय दोन्ही गुणसूत्रांच्या टोकाला असतं. त्याची एक प्रत निकामी असली की कोपरापासून मनगटापर्यंतचा हात आणि नडगी आखूड राहतात, मनगट किंचित वाकडं दिसतं. असं मूल 'आईवर गेलंय' म्हणून वर्षानुवर्षं सोडून दिलं जातं. पालकांपैकी एक फारच बुटका असेल तर सूत्र बाजूला ठेवून आधी त्या पालकाकडे नीट बघावं.

सूत्रात घालायचे आकडेही तपासून घ्या. लग्नाच्या बायोडेटातली उंची घेऊ नये हे वेगळं सांगायला नको. '५.४' असं लिहिलेलं ५ फूट ४ इंच असेल तर १६२.६ सेंमी, पण कॅल्क्युलेटरवर ५.४ फूट केलं की १६४.६. दोन सेंमी नुसत्या टिंबामुळे. आणि बायकोची उंची नवऱ्याला विचारू नका, मोजा.

मोजताना: अनवाणी, केसांतला अंबाडा-क्लिप काढून, टाचा-कुल्ले-खांदे मागे टेकलेले. डोळ्याच्या खोबणीची खालची कड आणि कानाच्या भोकाची वरची कड एका आडव्या रेषेत हवी. हनुवटी वर गेली की आकडा बदलतो. डोक्यावरची पट्टी केस दाबून काटकोनात. भिंतीला खाली टाइल्सची पट्टी असेल तर टाचा पुढे येतात, ती भिंत सोडून द्या. सकाळ-संध्याकाळमध्ये एक ते दीड सेंमीचा फरक पडतो, कारण मणक्यांमधल्या चकत्या दिवसभर दबतात. दरवेळी साधारण त्याच वेळी मोजा.

---

काळी_माती

'सरासरी' यांच्याशी सहमत. त्यांनी जे 'सगळ्यांना मिळून वाढलं' म्हटलंय ते नेमकं कधी आणि कसं वाढतं, याची भर घालतो.

बाळ जन्मतं ५० सेंमीचं, पहिल्या वर्षात २५ सेंमी वाढतं, दुसऱ्यात १० ते १२. पुन्हा एवढा वेग आयुष्यात येत नाही, वयात येतानाही नाही. म्हणून मार बसतो तो इथेच. पोटातले नऊ महिने आणि ही दोन वर्षं मिळून ज्याला आपण पहिले हजार दिवस म्हणतो, तो काळ.

याचा उत्तम पुरावा ग्वातेमालाचा. १९६९ ते १९७७ या काळात इनकॅप या संस्थेने चार गावं निवडली. दोन गावांत 'अतोले' ही पेज दिली: १८० मिलिलिटरच्या पेल्यात १६३ कॅलरी आणि ११.५ ग्रॅम प्रथिनं. उरलेल्या दोन गावांत 'फ्रेस्को' हे सरबत: ५९ कॅलरी, प्रथिनं शून्य. अतोलेच्या गावांत तीन वर्षांची मुलं सुमारे अडीच सेंमीने उंच निघाली. पण हा फायदा पहिल्या वर्षी सर्वांत जास्त, दुसऱ्या-तिसऱ्या वर्षी कमी कमी, आणि तीन ते सात या वयात तोच पेला पिऊन लांबीत काहीही फरक नाही. पाचवीतल्या मुलाला डबा भरून प्रोटीन पावडर आणणाऱ्यांनी हे जरूर वाचावं.

शरीरात घडतं असं. अन्न कमी पडलं की यकृतात आयजीएफ-१ (वाढीच्या संप्रेरकाचा निरोप हाडांपर्यंत नेणारा घटक) कमी बनतो. वाढीचं संप्रेरक रक्तात भरपूर असतं, पण त्याचं कोणी ऐकत नाही. वारंवार हगवण, ताप, खोकला असला की सूज आणणारी रसायनं हाडाच्या टोकाशी असलेल्या वाढपट्टीचं काम थेट थंडावतात. मूल दिसायला बारीक नसतं, फक्त वयाला लहान दिसतं. म्हणूनच हे नजरेतून सुटतं. अंगणवाडीत सॅम-मॅमची (तीव्र आणि मध्यम कुपोषित मुलांची) यादी होते ती वजनावरून किंवा दंडाच्या घेरावरून. खुजं मूल त्या यादीत असेलच असं नाही.

आकडे: २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत पाच वर्षांखालची ३५.५ टक्के भारतीय मुलं खुजी निघाली, महाराष्ट्रात ३५.२. खुजं म्हणजे जागतिक आरोग्य संघटनेच्या तक्त्यातल्या मध्यकापेक्षा (निम्मी मुलं ज्याच्या खाली असतात तो आकडा) दोन विचलनांहून खाली. दोन वर्षांच्या मुलग्याचा मध्यक ८७.१ सेंमी, रेषा ८१ ला.

इथे कोणीतरी म्हणणारच की तक्ता गोऱ्यांचा आहे. नाही. २००६ चा तो तक्ता सहा ठिकाणच्या मुलांवरून केला: पेलोटास (ब्राझील), आक्रा (घाना), ऑस्लो (नॉर्वे), मस्कत (ओमान), डेव्हिस (अमेरिका) आणि आपली दक्षिण दिल्ली. अटी अशा: घर सुस्थितीतलं, आई सिगारेट न ओढणारी, बाळ अंगावर पिणारं. लांबीतल्या एकूण तफावतीपैकी जागेजागेतला फरक निघाला ३ टक्के, एकाच जागेतल्या मुलामुलांतला ७० टक्के. लहान वयापुरतं तरी, पोट भरलेलं असेल तर दिल्ली आणि ऑस्लोची मुलं सारखीच वाढतात.

तरी 'गरिबी' एवढं म्हणून भागत नाही. भारतातली मुलं आफ्रिकेतल्या अधिक गरीब देशांतल्या मुलांपेक्षाही बुटकी का, या प्रश्नावर सीमा जयचंद्रन आणि रोहिणी पांडे यांचा २०१७ चा अभ्यास आहे. पहिलं मूल बुटकं नसतंच. तफावत सुरू होते दुसऱ्यापासून आणि पुढे वाढत जाते, आणि त्यामागे थोरल्या मुलग्याला मिळणारं झुकतं माप आहे. जनुकं पाठच्या भावंडाला वेगळी मिळत नाहीत; ताट वेगळं मिळतं.

स्वच्छतेबद्दलचा उत्साह मात्र जरा आवरायला हवा. उघड्यावर शौचाला बसण्याचा आणि खुजेपणाचा संबंध पाहण्यांमध्ये ठळक दिसतो. म्हणून बांगलादेश आणि केनियात संडास, पाणी, हात धुणे यांच्या मोठ्या चाचण्या झाल्या. २०१८ मध्ये निकाल आले: नुसत्या स्वच्छतेने लांबी वाढली नाही, आहार दिला तिथे थोडी वाढली. एका घराला संडास दिला आणि शेजारची कोंबडी अंगणात फिरतच राहिली, तर बाळाच्या तोंडात जायचं ते जातंच.

आईचं पोषण हा धागा पुण्याजवळच्याच सहा गावांत तपासलाय, केईएम रुग्णालयाच्या १९९३ पासूनच्या अभ्यासात. तिथल्या बाळांचं जन्मवजन सरासरी २.७ किलो. आईने एकूण किती कॅलरी किंवा प्रथिनं खाल्ली याचा बाळाच्या आकारमानाशी फारसा संबंध दिसला नाही. दूध, पालेभाज्या आणि फळं किती वेळा खाल्ली याचा दिसला.

---

आडवातिडवा

हिशेब डोक्यात बसला, आभार. दोन उपप्रश्न. डच लोक दुधामुळे उंच, हे खरं मानायचं का? आणि सूत्रातला तो १३ चा आकडा कुठून येतो?

---

हाडाचा_मास्तर

१३ हा पुरुष आणि स्त्रियांच्या सरासरी उंचीतला फरक, सेंमीमध्ये. मूळ आकडा युरोपातल्या मोजमापांचा, पण वर दिलेल्या भारतीय सरासऱ्यांतही १२.५ च येतो, तेव्हा तिथे फारसं बिघडत नाही.

तो पडतो कशामुळे? दहा वर्षांपर्यंत मुलगा-मुलगी जवळपास बरोबरीने चालतात. मुलींची उसळी आधी येते, बाराव्या वर्षाच्या आसपास, वर्षाला साधारण ८ सेंमी. मुलांची चौदाव्याला, ९ ते १० सेंमी. मुलाला बालपणीची, वर्षाला पाचेक सेंमीची वाढ दोन वर्षं जास्त मिळते आणि उसळीही थोडी मोठी.

वाढ थांबवतं कोण, तर मुलग्यांतही इस्ट्रोजेनच. हे १९९४ मध्ये एका रुग्णावरून पक्कं झालं. त्याच्या शरीरात इस्ट्रोजेनचा ग्राही (संप्रेरकाचा निरोप घेणारा पेशीतला रेणू) निकामी होता. वय २८, उंची २०४ सेंमी, वाढपट्ट्या अजून उघड्या, हाडांचं वय १५. टेस्टोस्टेरॉन व्यवस्थित असूनही तो वाढतच होता.

याचा व्यवहारातला अर्थ असा की लवकर वयात येणारं मूल आधी वर्गात सर्वांत उंच असतं आणि शेवटी बुटकं राहतं. सातवीत उंच म्हणून घरचे खूश असतात, तेव्हाच पट्ट्या मिटायला लागलेल्या असतात. मुलीची पाळी सुरू झाल्यावर सहसा ५ ते ७ सेंमीच उरतात. 'पाळी येऊ दे, मग वाढेल' हा समज अगदी उलटा आहे. आठ वर्षांच्या आत मुलीत किंवा नऊच्या आत मुलग्यात खुणा दिसल्या तर वाट बघत बसू नये.

बुटक्या मुलात नुसत्या उंचीपेक्षा वेग बघा. चार वर्षांपासून वयात येईपर्यंत वर्षाला ५ सेंमीच्या आसपास हवा. सतत ४ च्या खाली असेल तर डॉक्टर गाठा. मोजायचं सहा महिन्यांनी. दोन्ही मोजमापांत अर्धा-अर्धा सेंमी चुकतो आणि तीन महिन्यांत खरी वाढच सव्वा सेंमी असते, त्यामुळे घाईचं मोजमाप फसवतं. डॉक्टर डाव्या हाताच्या पंजा-मनगटाचा एक्स-रे काढून हाडांचं वय बघतात. ते वयापेक्षा दोनेक वर्षं मागे असेल आणि वेग ठीक असेल तर बहुधा उशिरा उमलणारं मूल. वेगच मंद असेल तर थायरॉइड आणि गव्हाची ॲलर्जी म्हणतात तो सीलिॲक आजार आधी तपासतात, आणि बुटक्या मुलीत टर्नर सिंड्रोमसाठी (एक एक्स गुणसूत्र नसणं किंवा अपुरं असणं) गुणसूत्रांची तपासणी सोडायची नाही. टर्नर असलेल्या मुलीत शॉक्सची एकच प्रत असते. वाढीच्या संप्रेरकाची सुई हा त्यानंतरचा विषय.

---

सरासरी

डच दुधाबद्दल: एकोणिसाव्या शतकाच्या मध्याला डच सैन्यभरतीतली पोरं १६५ सेंमीच्या आसपास होती. दूध तेव्हाही होतंच. पुढे स्वच्छ पाणी, छोटी कुटुंबं, बाळांच्या आजारांवर ताबा आणि गरिबापर्यंत पोचलेलं अन्न हे सगळं एकदम आलं. दूध त्यातला एक घटक. आणि ही चढणही संपलेली दिसते. २००१ साली जन्मलेले डच पुरुष सरासरी १८२.९ सेंमी, म्हणजे १९८० च्या पिढीपेक्षा १ सेंमीने *कमी*, स्त्रिया १६९.३, १.४ ने कमी. स्थलांतर हे त्याचं एक कारण, पण आईवडील दोघेही तिथेच जन्मलेल्या पुरुषांची वाढही थांबलीय आणि तशाच स्त्रियांची उंची घटलीय.

थुंकीच्या चाचणीबद्दल: २०२२ च्या त्या अभ्यासातले तीन चतुर्थांश लोक युरोपीय वंशाचे होते, दक्षिण आशियाई दीड टक्क्याच्या आसपास. त्या खुणांवरून युरोपीय वंशाच्या लोकांत उंचीतल्या तफावतीचा ४० टक्के अंदाज बांधता येतो, इतर वंशांत १० ते २०. सापडलेली खूण बहुतेक वेळा खरा बदल नसते, त्याच्या शेजारची पाटी असते. आपल्याकडे ती पाटी वेगळ्या जागी असू शकते. आणि आईवडिलांची उंची मोजपट्टीने फुकटात कळते, तीच एकटी याच्याएवढं किंवा जास्त सांगते.

---

फूटपट्टी

वर ८७.१ चा आकडा आलाय, त्याला एक पुरवणी. तो उभं मोजलेल्या मुलाचा आहे. झोपवून मोजलं तर तेच मूल ८७.८ भरतं आणि रेषा ८१.७ ला येते. दोन वर्षांखाली झोपवून इन्फँटोमीटरवर, नंतर उभं स्टेडिओमीटरवर, असा नियम आहे. बावीस महिन्यांचं मूल रडतं म्हणून उभंच मोजलं तर आकड्यात ०.७ मिळवून मग तक्त्यावर टिंब द्यायचं. ते न केल्याने काठावरची मुलं उगाच खुजी ठरतात. झोपवून मोजताना दोन माणसं लागतात, एक डोकं वरच्या फळीला टेकवून धरायला आणि एक गुडघे दाबून पायाची फळी सरकवायला. एकट्याने केलेलं मोजमाप धरू नका.